मागून चालणारा

शाझलीला नकला कुणी शिकवल्या नव्हत्या. लक्सरसमोर, नदीच्या पश्चिम काठावरच्या कुर्न्यातली माणसं एक तर उसात राबतात, नाही तर देवळं आणि थडगी बघायला येणाऱ्या प्रवाशांवर पोट भरतात. शाझली एका देवळाचा राखणदार होता. देऊळ काही फार नावाजलेलं नव्हतं. डोंगरातली राजांची थडगी बघून उन्हानं भाजलेले प्रवासी परतीच्या वाटेवर बस थांबली म्हणून उतरायचे, खांबांकडे एकदा मान वर करून बघायचे आणि सावली शोधायचे. अशा कंटाळलेल्या माणसांना हसवायचं काम शाझलीनं आपण होऊन अंगावर घेतलं होतं. गोरी बाई छत्रीशी कशी झटापट करते, तपासणीला आलेल्या साहेबांचं पोट कसं आधी आत येतं आणि मागून साहेब येतात, हे तो असं वठवायचा की बघणाऱ्यांची हसता हसता पुरेवाट व्हायची. एखाद्याची चाल नुसती बघितली की ती त्याच्या अंगात उतरायची.

पण त्याची खरी गाजलेली नक्कल काळ्या बाईकडे येणाऱ्या बायकांची.

देवळाच्या मागच्या चौकात काळ्या दगडाची एक मूर्ती आहे. तोंड सिंहिणीचं, एक कान तुटलेला. शिकलेले लोक तिला कुठल्याशा देवीचं नाव देतात, गावातल्या बायका नुसतं काळी बाई म्हणतात. जिची कूस उजवत नाही ती शुक्रवारी दुपारी, बांग होऊन बाप्ये नमाजाला गेले, की काळी चादर अंगभर ओढून, तोंड झाकून येते आणि मूर्तीभोवती सात फेऱ्या घालते. बोलायचं नाही, थांबायचं नाही, मागं वळून बघायचं नाही. एकटीनं मात्र यायचं नसतं. मागून तिची आई चालते, आई नसेल तर घरचं दुसरं कुणी. पुढचीचं पाऊल जिथं आणि जसं पडेल तिथं आणि तसंच मागचीनं टाकायचं, म्हणजे मागितलेलं वाटेत सांडत नाही. मशिदीतले इमाम याला पाप म्हणतात. बायका ऐकून घेतात आणि येतात.

शाझली हे सगळं करून दाखवायचा. मुंडाशाचं टोक तोंडावर ओढायचा, कंबर हलवत, मूर्तीकडे चोरून बघत फिरायचा, आणि शेवटच्या फेरीला मुंडासंच झग्यात पोटावर कोंबून एकदम दिवस भरलेली बाई व्हायचा. टाळ्या पडायच्या, बक्षिसी मिळायची. बायको हयात होती तेव्हा ही नक्कल घरात चालत नसे. "त्या बाया आहेत, माकडं नव्हेत," असं ती एकदा म्हणाली होती. शाझलीनं तेव्हा तिचीच, कमरेवर हात ठेवून रागावण्याची, नक्कल केली होती आणि तीही हसली होती. लोक हसले की आपलं बरोबर, हा त्याचा आयुष्यभराचा हिशेब.

त्याला एकच मुलगी, नवारा. लहान असताना पाण्याचा रांजण तिच्या डाव्या पायावर कलंडला आणि हाड वाकडं जुळलं. तेव्हापासून तो पाय आधी जमीन चाचपायचा, मग टेकायचा. पोरगी चालायलाच लाजू लागली, भिंत धरून बसून राहायची. तेव्हा शाझली अंगणात तिच्या मागं उभा राहिला आणि तिच्यासारखाच, तस्साच पाय टाकत चालू लागला. आपल्यासारखं चालणारं आणखी कुणी आहे हे बघून ती खदखदून हसली, आणि हसता हसता अंगणभर चालली. त्याच्या नकलांमध्ये पुण्य लागावं अशी ती एकच.

नवारा आता पलीकडच्या वस्तीत रिफाईच्या घरी नांदत होती. लग्नाला बरीच वर्षं झाली, पाळणा हलला नव्हता. तिकडे बाई पहिल्या मुलाच्या नावानं ओळखली जाते. सासूला सगळा गाव उम्म रिफाई, रिफाईची आई, म्हणायचा. नवाराला अजून "शाझलीची पोर" म्हणत. या हंगामात उम्म रिफाईनं स्पष्टच सांगून टाकलं होतं. ऊस तुटेपर्यंत वाट बघायची, नाही तर रिफाईला मामाची मुलगी करायची. आणि आणखी एक. "आमचं घर नमाजी आहे. त्या काळ्या दगडाकडे पाऊल टाकलंस तर तिथनंच बापाकडे जायचं. परत इकडे फिरकायचं नाही." शाझली तेव्हा समोरच चहा पीत होता. तो म्हणाला, "बरोबर आहे तुमचं. निव्वळ खुळेपणा आहे तो."  नवारा कप गोळा करून आत गेली.

त्या शुक्रवारी शाझली नमाजाला निघालाच होता. वझू करून हातपाय ओले होते. तेवढ्यात फाटकाशी मोठी बस लागली आणि गाईड इहाब धावत आला. इहाब पलीकडच्या काठावरचा, लक्सरमधला. इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट.

"काका, आज जाऊ नका! माझी माणसं पार मरगळलीत. जरा हसवा त्यांना."

"अरे, जुम्मा आहे."

"अल्ला माफ करतो. हे लोक करत नाहीत." इहाब त्याला ओढतच चौकाकडे घेऊन गेला आणि तिथं थबकला. "काका, नशीब बघा. आज तर खरीच आलीय!"

मूर्तीभोवती काळ्या चादरीतली एक बाई फिरत होती. एकटीच होती, मागं कुणी नव्हतं.

"मागची जागा रिकामी आहे. लागा ना मागं!" इहाब म्हणाला, आणि प्रवाशांकडे वळून त्यांच्या भाषेत काहीतरी सांगू लागला. त्यांनी फोन वर धरले, इहाबनंही.

समोर खरी बाई असताना शाझलीनं हे कधी केलं नव्हतं. एवढी एक लाज त्यानं शिल्लक ठेवली होती. पण पन्नासेक माणसं त्याच्याकडे बघत होती, आणि बघणारी माणसं दिसली की शाझलीचं अंग त्याचं राहत नसे. त्यानं मुंडाशाचं टोक तोंडावर ओढलं आणि बाईच्या मागं चालू लागला.

हशा लगेच आला. बाईनं वळून बघितलं नाही, बघायचं नसतंच. फक्त एकदा तिचं पाऊल मंद झालं. शाझलीला वाटलं, घाबरली. तोही तिथंच अडखळल्यासारखा झाला, एक पाय हवेत धरून डुगडुगला आणि प्रवाशांकडे बघून डोळे फिरवले. सबंध चौक हशानं भरून गेला. त्यानंतर बाईची चाल बदलली. भराभर चालू लागली, खांदे आखडून.

आणि भराभर चालताना डावा पाय उघडा पडला. आधी चाचपायचा, मग टेकायचा.

डोळ्यांनी ओळखायच्या आधी शाझलीच्या पायानं ओळखलं. तो तिचा पाय टाकत होता, आणि तो पाय त्याचा जुना ओळखीचा होता. अंगणातला. 

इथं तो थांबला असता तर बरं झालं असतं. पण थांबला तर इहाब विचारणार, का थांबलात? कोण आहे? चार माणसांत लेकीचं नाव घ्यायचं नसतं, आणि हिचं नाव निघालं की संध्याकाळच्या आत उम्म रिफाईच्या कानावर जाणार. म्हणून थांबला नाही, असं त्यानं नंतर स्वतःला कितीदा तरी सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण लोक हसत होते, आणि हसणाऱ्या लोकांपुढून निघून जाणं त्याला येतच नव्हतं, हेही खोटं नव्हतं. तो फेऱ्या संपेपर्यंत चालला. सवयीनं मुंडासंसुद्धा पोटावर कोंबलं.

बाई मूर्तीपाशी क्षणभर वाकली आणि मागच्या पडक्या भिंतीकडे निघाली.

"कोण हो ही?" इहाबनं डोळे पुसत विचारलं. "तुमच्या गावातली?"

ती अजून हाकेच्या टप्प्यात होती.

"छे," शाझली म्हणाला. "असेल कुठली तरी. लांबची, एस्नाकडची वाटते."

बक्षिसी त्यानं घेतली. घेतली नसती तर इहाबला संशय आला असता, हेही एक कारण त्याच्यापाशी होतं.

त्यानंतर शाझलीला अन्न गोड लागेना. काही केलं तरी तोंडाची चव परत येईना. दारापासून विहिरीपर्यंत जाताना आपण डावा पाय चाचपून टाकतोय हे त्याच्या ध्यानात यायचं आणि तो चोर पकडल्यासारखा चपापून उभा राहायचा. इहाब दोनदा बोलवायला आला, दोन्ही वेळा शाझलीनं गुडघा दुखत असल्याची बतावणी केली. लेकीकडे जायला हवं होतं. पण तिथं जाऊन तोंड कुठल्या बाजूनं दाखवायचं? शेवटी पेरू आणि साखरेची पुडी घेऊन तो निघाला. गाठोड्याशिवाय बापानं लेकीच्या दारात उभं राहू नये, एवढी रीत तरी सांभाळावी म्हणून.

"या या, व्याहीबुवा!" उम्म रिफाई दारातच ओरडली. "आता तुम्ही थोर माणूस! आमच्याकडे कशाला याल?"

शाझलीला कळेना. ओट्यावर बसलेल्या रिफाईनं हसत फोन पुढे केला. इहाबनं काढलेलं चित्रण अख्ख्या पश्चिम काठावर फिरलं होतं. "बघा मामा, दुकानात, मायक्रोबसमध्ये, सगळीकडे तुम्हीच! मी सांगतो लोकांना, हा माझा सासरा."

नवारा चहा घेऊन आली. तिनं बापासमोर कप ठेवला. साखर भरपूर घातली होती, त्याला लागते तेवढी. ती जायला वळली, तोच सासू म्हणाली, "थांब गं, तू पण बघ बापाचे पराक्रम."

नवारा थांबली. फोनमध्ये काळ्या चादरीतली बाई फिरत होती आणि तिच्यामागं शाझली. त्यानं ते पहिल्यांदा बघितलं. तो उत्तम करत होता. एवढं चांगलं त्यानं कधीच केलं नव्हतं.

"थू! दगडापुढे काय फिरतात मेल्या," उम्म रिफाई म्हणाली. मग तिचे डोळे बारीक झाले. तिनं फोन जवळ ओढला. "रिफाई, हे पुन्हा लाव. ही लंगडते की रे. डावा पाय बघ. हुबेहूब आपल्या..." तिनं वाक्य पुरं केलं नाही. सुनेच्या पायाकडे बघितलं.

 नवारानं डावा पाय झग्याखाली मागं ओढला.

शाझली उठला. काय करायचं ते त्याला ठाऊक होतं, त्याला एवढंच येत होतं.

"लंगडी? ती कसली लंगडी, विहीणबाई!" तो मोठ्यानं हसला. "म्हातारी होती एस्नाची, चपलेत खडा गेला होता. लंगडणं हे माझं! गोऱ्या लोकांना लंगडं फार आवडतं. कुठनं उचललं विचारा की! घरातच तर आहे!"

आणि मुंडाशाचं टोक तोंडावर ओढून तो त्या अंगणात चालू लागला. डावा पाय आधी चाचपला, मग टेकला. लेकीच्या पायाची, लेकीच्या सासरी, लेकीदेखत नक्कल. पाय जरा जास्तच फेंगडा टाकला, ढुंगण हलवलं, पडल्याचं सोंग केलं. रिफाई पोट धरून हसला. उम्म रिफाईनं आधी ओठ दाबले, मग तिच्यानंही राहवेना. "काय हा माणूस! सख्ख्या पोरीलाही सोडत नाही!" ती ओढणीनं डोळे टिपत म्हणाली. फोन बाजूला पडला, तो विषय तिथंच मिटला.

मुंडासं सारखं करून शाझली खाली बसला. चहा निवला होता. मुलगी वाचली होती, आणि तिच्याकडे बघायची त्याची छाती होत नव्हती.

निघताना नवारा रीतीप्रमाणे रस्त्यापर्यंत पोचवायला आली. उसाच्या कडेनं दोघं चालले. शाझली पुढं चालत होता, मुद्दाम, तिची पावलं दिसू नयेत म्हणून. वळणावर तो थांबला.

"पोरी," तो म्हणाला. "मला ठाऊक नव्हतं गं. आधी खरंच ठाऊक नव्हतं."

"माहीत आहे."

"नंतर कळलं. तरी मी..." 

"तुम्ही मशिदीत असाल म्हणून तीच वेळ धरली होती मी, बाबा," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला सोसला असता. "मागं चालायला कुणी नव्हतं. एकटीच्या फेऱ्या लागत नाहीत म्हणतात, तरी आले. मग मागं पाऊल वाजलं. वळून बघायचं नसतं, पण तुमच्या जोड्यांचा आवाज मला कळतो. मला वाटलं, तुम्हाला कुठनं तरी कळलं. नमाज सोडून आलात. आई नाही म्हणून तिच्या जागी तुम्ही चालताय."

शाझली उसाच्या पात्यांकडे बघत राहिला.

"माझा पाय असा," ती म्हणाली. "मागच्याला तसाच टाकायला जड जातो. म्हणून मी जरा हळू चालले, बाबा. तुम्हाला जमावं म्हणून."

सगळ्यात मोठा हशा त्याच पावलाला आला होता.