डेल्मर प्रुइटचा धडधाकट पाय

डेल्मर प्रुइट कॉलेजातून बाहेर पडला त्या वर्षी मोठ्या बेसबॉल क्लबांनी बाराशे पोरांची नावं पुकारली. तीन दिवस तो कॅन्ससमध्ये बापाच्या ट्रकात रेडिओ लावून बसला होता. त्याचं नाव आलंच नाही. पुढे महिन्याभराने एका क्लबला सगळ्यात खालच्या संघात एक माणूस कमी पडला, म्हणून त्याला बसचं तिकीट धाडलं. चार वर्षांत दोन पायऱ्या चढून तो आमच्या बेलनॅपच्या संघात आला. इथून वर एकच पायरी, आणि तिच्यापलीकडे थेट मोठी लीग.

मी लूमिस. या संघाचे कपडे धुतो आणि खेळाडूंच्या संघटनेसाठी सह्या गोळा करतो. या दुसऱ्या कामापायी दोनदा नोकरी गेली, दोनदा त्यांना मला परत घ्यावं लागलं, कारण गवताचे डाग माझ्याइतके कुणाला काढता येत नाहीत. सगळ्यांत मळलेली विजार डेल्मरची. तो मागच्या मैदानात डावीकडे उभा राहायचा. चेंडू मधल्या खेळाडूकडे गेला तरी हा त्याच्या मागे धावायचा, न जाणो सुटला तर. शंभरात दोनदा सुटतो. बाकीच्या अठ्ठ्याण्णव वेळा याचं धावणं कुणी कुठे लिहीत नाही.

जूनमध्ये क्लबने केस्लर नावाचा पोरगा पाठवला. त्याच्यावर लाखो डॉलर लावलेले, त्याला रोज खेळवायचंच होतं. पोरगा वाईट नव्हता. पण संघात जागा नव्हती.

कोच हासची खोली माझ्या धुण्याच्या यंत्राला लागून. सगळं ऐकू येतं.

"डेल्मर, पाय कसा आहे?"

"मस्त आहे, कोच."

"मस्त नाही, दुखतोय. मांडीची शीर. सात दिवस."

डेल्मरने विचारलं, "उजवी की डावी?"

"तुला आवडेल ती."

अशी खोटी दुखणी आमच्याकडे सर्रास लिहितात, कारण जखमी लिहिलेल्याची जागा संघात मोकळी होते. ज्याला कुणी निवडलं नाही त्याचाच पाय दुखतो. डेल्मरने सही केली. बाहेर आल्यावर मी त्याला धरलं.

"संघटनेच्या कागदाला तू महिनाभर टांग देतोस, आणि इथे एका मिनिटात सही?"

"तुमच्या कागदाने मला खेळायला मिळत नाही, म्हातारबा."

"आणि याने मिळतंय होय?"

"नाही म्हटलं तर हाकलतील. सात दिवसच आहेत."

पाचव्या दिवशी सकाळी वरच्या संघाचा फोन आला. त्यांचा डावीकडचा खेळाडू भिंतीला धडकला होता, संध्याकाळी माणूस हवा होता. हासने डेल्मरचंच नाव घेतलं, हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. मग पलीकडचं ऐकून तो म्हणाला, "हो, कागदावर जखमी आहे. हो, मीच लिहिलंय." केस्लर गेला. त्या वेळी डेल्मर मैदानाच्या कडेला त्याच दुखऱ्या पायाने हरणागत पळत होता.

त्याला कळलं तेव्हा तो चिडलाही नाही. मीच बादली लाथाडली. तो म्हणाला, "सही माझी होती." आणि फरशी पुसायला लागला.

ऑगस्टमध्ये आणखी एक महागडा पोरगा आला. पुन्हा ती खोली, पुन्हा तो कागद.

"पाय कसा आहे, डेल्मर?"

"चांगला आहे, कोच."

"मी काय विचारतोय ते तुला कळतंय ना?"

"कळतंय. जागा हवी असेल तर मला काढा. पण काढण्याचं कारण माझा पाय आहे असं लिहू नका. तो दुखत नाही."

मी यंत्र बंद केलं.  मग हास म्हणाला, "आज फलंदाजीला आठव्या क्रमांकावर खेळ. उद्याचं उद्या बघू." खोटं दुखणं दुसऱ्या एका पोराच्या नावावर गेलं. संघटनेच्या कागदावर त्याची सही व्हावी म्हणून मी त्याच्याशी अजून भांडतोय.

तीन आठवड्यांनी वरून पुन्हा फोन आला आणि या खेपेला डेल्मरच्या नावापुढे काही लिहिलेलं नव्हतं. तो वर अकरा दिवस खेळला. तीन फटके जमले, एक झेल स्वतः भिंतीवर आपटत घेतला. मग तिथला जखमी खेळाडू बरा झाला आणि याला परत धाडलं. मोठी लीग त्याने पाहिली ती टीव्हीवरच.

परतला त्या दिवशी पिशवी माझ्यासमोर टाकून म्हणाला, "वरच्या धोब्याला डाग काढता येत नाहीत." आणि माझ्या खिशातलं पेन काढून घेत संघटनेचा कागद मागितला.