मधल्या खोलीतला प्रिंटर

आमच्या घरात कम्प्युटर चार आणि प्रिंटर एक. तोही सासऱ्यांच्या खोलीत, त्यांच्या जुन्या कम्प्युटरला वायरने जोडलेला. कांदिवलीत एकाच मजल्यावरचे दोन फ्लॅट भिंत फोडून एक केलेले. एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला दीर-जाऊ आणि मधल्या खोलीत सासरे. आपापल्या जागेवरून वायफायने पान पाठवायचं आणि ते आणायला त्या खोलीत जायचं, अशी आमची पद्धत.

मी घरी शिकवणी घेते. मुलं यायच्या आधी दुपारी सरावाची पानं पाठवली की ती हमखास अडकायची. लॅपटॉप सांगायचा, प्रिंटर ऑफलाइन आहे. मग त्या खोलीत जाऊन प्रिंटर चालू करायचा आणि पानं येईपर्यंत तिथेच बसायचं. जावेचं मात्र कधी अडलं नाही. ती लोकांचे भाडेकरार करून देते, तिला पानांचे गठ्ठे लागतात, आणि ते गठ्ठे घेऊन ती त्या खोलीतून निवांत बाहेर यायची. हे मला खटकायला लागलं.

मी मुळातच संशयी आहे. दूधवाल्याने हसून पिशवी दिली तर मी आधी तारीख बघते. त्यात आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चाललेली आणि दोन्ही फ्लॅट सासऱ्यांच्या नावावर. सोसायटीच्या मीटिंगा सुरू झाल्यापासून घरात कोण कोणाशी किती वेळ बोलतं यावर माझं बारीक लक्ष होतं. जाऊ त्या खोलीत फार वेळ बसायची. लॅपटॉप घेऊन, चहा घेऊन. मी आत गेले की दोघं गप्प व्हायचे.

"तीच माझी पानं अडकवते," मी नवऱ्याला सांगितलं.

"तिला काय मिळणार यार त्यातून?"

"तुझी वाट लागेल ना, तेव्हा कळेल काय मिळणार ते."

त्याने टीव्हीचा आवाज वाढवला. मी तिथेच बसून फोनवरून स्वतःपुरता वेगळा प्रिंटर मागवला.

तरी तिला रंगेहाथ पकडल्याशिवाय मला चैन पडेना. दुसऱ्या दिवशी ती कामासाठी बोरिवलीला गेली. ती घरात नसताना पान सरळ निघालं तर माझा संशय खरा, असा माझा हिशेब. लॅपटॉप हातावर घेऊन मी सासऱ्यांच्या अर्धवट उघड्या दाराआड उभी राहिले आणि प्रिंट दिली.

आत सासरे कम्प्युटरवर दशावतार बघत होते. प्रिंटर गुरगुरला. त्यांनी कान टवकारले, हात लांब केला आणि प्रिंटरचा भिंतीवरचा स्विच बंद केला. मग समोरच्या स्टुलावरचा पेपर उचलला, स्टूल तळहाताने पुसलं आणि दाराकडे बघत बसले.

जावेची पानं का अडत नव्हती ते मला तेव्हा कळलं. ती आधीच तिथे बसलेली असायची. आणि मी आले की गप्प होत असतील ते माझं तोंड बघूनच.

मी आत गेले. "बाबा, प्रिंटर बंद पडला वाटतं."

"परत? बघ तरी. बस गो."

मी स्विच दाबला. पानं येईपर्यंत ते गुडघ्याबद्दल बोलले, गावच्या फणसाबद्दल बोलले. शेवटचं पान आलं तशी मी उठले. रोजच तशी उठायचे. खरं तर मला राग यायला हवा होता, पण आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवा प्रिंटर आला. खोकं हॉलमध्ये पडून होतं, ते सासऱ्यांनी जाता-येता पाहिलं.

"बरा झाला," ते म्हणाले. "आता माझी कटकट नाय तुमका."

खोकं उघडायला माझं मन होईना. दुपारी मी जुन्याच प्रिंटरवर पानं पाठवली. ऑफलाइन वगैरे काही आलं नाही, सगळी एका दमात छापून झाली. आणायला गेले तर ती नीट जुळवून स्टुलावर ठेवलेली होती, उडू नयेत म्हणून वर चष्म्याची डबी.

मला फार वाईट वाटलं. मी पानं उचलून पलंगावर ठेवली आणि स्टुलावर बसले. काही छापायचं राहिलं नव्हतं, काही बिघडलंही नव्हतं. त्यांनी दशावतार थांबवला. आधी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या रिकाम्या हातांकडे.

"काय गो?"

"काही नाही बाबा. असंच."

त्यांनी चष्मा लावून मला नीट निरखलं. ती नजर माझ्या चांगल्या ओळखीची होती. दूधवाल्याकडे मी तशीच बघते.

"खंय कागदार सही होयी काय माझी?" त्यांनी विचारलं.