खडूच्या फुल्या

हे आजवर कुणापुढे बोलले नाही. नवऱ्यापुढे नाही, सख्ख्या बहिणीपुढेही नाही. आणि आज सांगतेय म्हणून मन भरून आलंय वगैरे समजू नका — माझं मन ठणठणीत आहे.

वसई पूर्वेला एका गाळ्यात आम्ही पॅकिंगच्या लाकडी पेट्या बनवतो. पाइनचं लाकूड बोटीने येतं, आणि पेटी होऊन, पोटात कुणाचं तरी मशीन घेऊन, न्हावाशेव्याहून परत बोटीनेच जातं. मी तिथली सुपरवायझर. बाई सुपरवायझर! अर्धे पुरुष माझा पाय कधी घसरतो याची वाट बघत होते. हे कारण म्हणून सांगत नाही हं — नुसतं सांगतेय.

कच्चं लाकूड देशाबाहेर धाडता येत नाही. आतले किडे मरेपर्यंत ते भट्टीत तापवायचं, मगच शिक्का मारायचा. शिक्का माझ्या ड्रॉवरमध्ये. भट्टी बस्त्यावदादांकडे — पाचूबंदर कोळीवाड्यातले, माझ्याहून बरेच मोठे, तरी मला ‘बाई’ म्हणायचे. त्यांची एक पद्धत होती. न तापलेल्या पेटीवर खडूने फुली मारायची, आणि पेटी तापून बाहेर आली की ती स्वतःच्या तळहाताने पुसायची. फुली नसली की मी शिक्का मारायचे. दुसऱ्या कुणी फुलीला हात लावलेला त्यांना खपत नसे. आम्ही त्यावरून त्यांची खूप थट्टा करायचो.

त्या दिवशी त्यांच्या चर्चचा सण होता. दुपारीच निघाले, मीच सोडलं. शेवटच्या पेट्या फुल्यांसकट भट्टीबाहेरच होत्या. “उद्या सकाली तापवतो, बाई,” म्हणाले. ते गेले आणि फोन आला — बोट लवकर भरणार, माल आजच निघायला हवा. भट्टी लावायची तर वीज गेलेली. ट्रक दारात उभा. मालकांना ‘जमत नाही’ असं कळवायचं — मी?

हमाल चहाला गेले होते. मी ओढणीच्या टोकाने फुल्या पुसल्या, एकेक करून, आणि शिक्के मारले.

परदेशी बंदरात पेट्या उघडल्या तेव्हा लाकडात जिवंत किडे निघाले. सगळा माल परत आला. मालकांनी विचारलं, फुल्या कोण पुसतं? मी म्हटलं, बस्त्यावदादा. शब्दाने खोटं होतं का ते? नव्हतं. अशा खऱ्या वाक्याने तुम्ही कधी कुणाला बुडवलंय?

एवढंच असतं तर मी सांगायला बसलेच नसते.

दादांना नोकरीवरून काढलं त्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले. भांडायला आले असतील म्हणून मी तयारीतच होते. पण ते आपल्या तळहाताकडे बघत राहिले. “बाई, मीच पुसलं आसल. सनाची घाई व्हती ना. मना आठवतच नाय.”

आणि मी म्हटलं, “असेल.”

फुल्या पुसल्या त्याला धांदल म्हणता येईल. पण हे? एक माणूस माझ्यासमोर स्वतःच्या हातावरचा विश्वास सोडत होता, आणि मी तो सोडू दिला. भीती होती का? मुलांची काळजी? — छे, ही सगळी नंतर शोधलेली नावं. मला हरायचं नव्हतं. आजही नाही. मी अजून तिथेच आहे, शिक्का अजून माझ्याच ड्रॉवरमध्ये आहे, आणि मला झोपही लागते. झुरणारी बाई बघायची असेल तर दुसरीकडे जा.

दादा आता बायकोबरोबर मासळी बाजारात बसतात. मी त्यांच्याकडूनच बोंबील घेते, तोंड लपवत नाही. परवा पिशवी भरताना सांगत होते — सणाला जायचं त्यांनी सोडलंय. पण फादरपुढे सगळं कबूल केलं, की घाईत आपण फुल्या पुसल्या आणि मालकाचा माल बुडवला. फादरनी प्रार्थना सांगितली, माफी दिली.

“आता हलकं वाटतं, बाई.”

माझ्या पापाची माफी त्यांना मिळून गेली होती. मला मागायला काही उरलंच नव्हतं.

“बरं झालं, दादा,” मी म्हटलं, आणि पिशवी उचलली.