दशरथचा चंदेरी रंग

मसोलीच्या नाक्यावरचा दशरथ सायकलवाला म्हणजे एक नंबरचा प्रामाणिक माणूस, असं मी एकोणीस वर्षं गावभर सांगत फिरलो. माझंच थोबाड फोडायला हवं.

मी चिमण. धाकट्या डहाणूहून मासळीची टोपली कॅरिअरवर बांधतो नि पाड्यापाड्यांतून विकतो. टोपलीतलं बर्फाचं खारं पाणी मागच्या चाकावर गळतं, म्हणून माझी रिम लवकर गंजते. नुसता आऊट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढून भागेल की सगळे स्पोक सोडवून नव्या रिमवर चाक बांधायचं, हे दशरथ ठरवायचा. बाकीचे दुकानदार बघताक्षणी नवी रिम गळ्यात मारतात. हा चाक फिरवायचा, स्पोकांना नखाने टिचक्या मारायचा नि सावकाश म्हणायचा, "चिमण, अजून वर्ष काढेल." मी डोळे मिटून टोपली बांधायचो.

गेल्या दसऱ्याला सायकलला हार घालण्याआधी त्याच्याकडे नेली, तर पठ्ठ्याने मागच्या रिमला फुकटात चंदेरी रंग मारून दिला. "सणाचा आहे, राहू दे," म्हणाला. मला केवढं कौतुक. बायकोला, यमुनाला, दोनदा दाखवला.

संक्रांतीनंतर एका उतारावर ते चाक दुमडलं. डावं मनगट मोडलं. तिथेच बसून दुसऱ्या हाताने रिम खरवडली. रंगाचा पापुद्रा निघाला, खाली स्पोकांच्या भोकाभोकाशी तडे, नि तड्यांत रंगाऱ्याची लांबी भरलेली. म्हणजे याला सगळं माहीत होतं.

दीड महिना धंदा बंद. प्लास्टर निघालं, स्टेशनजवळच्या दुकानात नवं चाक बसवून घेतलं नि तडक त्याच्यापुढे उभा राहिलो.

"का रे?" एवढंच विचारलं.

त्याने दोन्ही हात पुढे केले. "साखरेच्या आजाराने बोटं बधिर झालीत. दोन वर्षं झाली, चाक बांधता येत नाही. चावीने आवळतो तेवढंच. तुला नवी रिम सांगितली असती तर तू दुसरीकडे गेला असतास. तुझ्यामागून सगळेच."

"मला सांगायचंस ना. चाक तिकडे बांधलं असतं, पंक्चरला तुझ्याकडेच आलो असतो."

वाईट वाटलं मला त्याचं, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त राग आला. स्वतःचं दुखणं झाकायला त्याने माझा जीव वापरला होता.

वाकून त्याने नव्या चाकाचा टायर दाबला. "हवा कमी आहे. थांब, भरतो."

"राहू दे," म्हटलं, आणि सायकल ढकलत स्टेशनपर्यंत नेली.