पहिलं "झालं" कुणाचं

आमच्या शब्दकोड्याच्या ग्रुपात आम्ही चौघं. कुरुंदवाडचे निवृत्त गुरुजी, स्टँडमागच्या गल्लीत शिलाईचं दुकान असलेले टेलरचाचा, औषधाच्या दुकानात कामाला असलेली गडमुडशिंगीची एक पोरगी आणि मी. पेपर सगळ्यांचा एकच. पण कुरुंदवाडला तो उशिरा पोचतो, म्हणून आमचा कायदा असा की गुरुजींनी फोनवर "आला" असं लिहिल्याशिवाय कोड्याचं पान कुणी उघडायचं नाही. राजकारण वाचा, निधनवार्ता वाचा, उसाचा भाव वाचा, पण ते पान घडीतच राहू दे. आता घरात येऊन कोण बघतंय, असं तुम्ही म्हणाल. कुणी बघत नाही. तरी इतक्या वर्षांत कुणी ते आधी उघडलं नसणार, अशी माझी खात्री आहे.

"आला" पडलं की सुटले सगळे. कोडं पुरं झालं की नुसतं "झालं" लिहायचं. चौघांचं झालं की आपापल्या पेपरचे फोटो टाकायचे, आणि मग एकमेकांची सालटी काढायची. पहिल्या आलेल्याला दिवसभर बाकीच्यांना टोचून बोलायचा हक्क, आणि ज्याचं चुकलं त्याची अजिबात गय नाही. एकदा शिलाईतलाच एक शब्द चाचांचा चुकला, तर गुरुजी कितीतरी दिवस त्यांना विचारत होते, "कापडं शिवताय की डिंकानं चिकटवताय?"

मी नोकरीभर कोल्हापूरच्या स्टँडवर माइकवर बसले. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली, हे सांगणं माझं काम. माझा आवाज आणि माझं तोंड, दोन्ही साऱ्या स्टँडाला ठाऊक. एखाद्या ड्रायव्हरनं गाडी आडवी लावली तर मी माइकवरनंच त्याची पूजा बांधायची आणि फलाटावरची माणसं हसायची. गुरुजी शाळेला जाता-येता माझ्या खिडकीशी पेपर धरून उभे राहायचे, "बाई, हे काय असंल हो?" म्हणून विचारायचे. तिथनं हे वेड लागलं ते लागलंच.

गेल्या वर्षी मला पॅरालिसिसचा झटका आला. हात-पाय बरेचसे परत मिळाले. शब्द मिळाले नाहीत. म्हणजे ते गेले असंही नाही, आणि हेच वाईट. मीठ समोर दिसतंय, त्याची चव जिभेवर आहे, आणि तोंडातनं निघतंय "साबण". आमच्या ह्यांनी बिचाऱ्यांनी एकदा खरंच साबण आणून ताटाजवळ ठेवला, तर मी रागानं ताटच ढकलून दिलं. बोलायचे व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमनी बजावून सांगितलं होतं, रोज माणसांशी बोला, चुकलं तरी बोला, आत्ता गप्प बसलात तर जीभ अशीच राहील. आणि मी गप्प बसले. जिच्या आवाजावर गाड्या हलायच्या तिनं लोकांपुढं "ते... ते..." करत बसायचं? घरात पावणं आलं की मी आतल्या खोलीत. फोन वाजला की ह्यांच्या हातात. लाज वाटायची मला, दुसरं काही नाही.

कोडं तेवढं सोडलं नाही. तिथं तोंड उघडावं लागत नव्हतं. चौकोनात दोन अक्षरं बसली की तिसरं कधीतरी आपसूक हाताला लागायचं. पण आधी चहाच्या कपाबरोबर संपायचं ते आता जेवणवेळेपर्यंत रेंगाळायचं. तिघांची "झालं" सकाळीच येऊन पडायची आणि माझी वाट बघत फोटो थांबायचे.

मग एके दिवशी मी पहिली आले. दुसऱ्या दिवशीही आले. पुढं रोजच. मी हरखून गेले. शब्द परत यायला लागले म्हणायचे! ह्यांना पेपर नाचवून दाखवला, ह्यांनी पेढे आणले.

पण मी काय एवढी खुळी नाही. ऊन अंगणातनं सोप्यावर चढलं तरी ह्या तिघांचं कोडं अडलेलंच? जे चाचा मशीनमध्ये दोरा ओवेपर्यंत निम्मं कोडं संपवतात, ते माझ्या "झालं"ची वाट बघत बसतात व्हय? आणि टोचून बोलणंही बंद. मी पहिली आले की "छान काकू", "वा बाई" आणि चाचांकडनं फुलांची चित्रं. चाचा आणि फुलं! ज्या माणसानं आयुष्यात मला सरळ शब्दात शाबासकी दिली नव्हती, तो मला गुलाब पाठवत होता.

एका सकाळी संधी मिळाली. कोड्यात विचारलं होतं, कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरचं दत्तक्षेत्र, पाच अक्षरं. आमच्या जिल्ह्यातलं शेंबडं पोरगंही सांगेल, नृसिंहवाडी. मलाही चटकन आलं होतं. पण मी मुद्दाम पेन दाबून तिथं लिहिलं, कुरुंदवाड. अक्षरं पाचच. त्याच्यावरनं जाणारे उभे शब्द बोंबलले, म्हटलं बोंबलू देत. "झालं" लिहिलं आणि फोटोही लगेच टाकून दिला.

पोरगी म्हणाली, "मस्त काकू!" चाचांची फुलं आली. आणि गुरुजींनी लिहिलं, "अगदी बरोबर, बाई. शाब्बास."

गुरुजींनी! ज्यांचा जन्म कुरुंदवाडात गेला, जे दर पौर्णिमेला नदीपलीकडं वाडीला दर्शनाला जातात, त्या माणसानं माझं मन राखायला अख्खी वाडी उचलून आपल्या गावात आणून ठेवली.

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली म्हणता! फोन नेऊन ह्यांच्या नाकासमोर धरला. विचारता येत नव्हतं, पण माझे डोळे ह्यांना पुरतात. ते खाली बघायला लागले.

"मीच केलतो फोन तिघांस्नी," म्हणाले. "दवाखान्यातनं आल्यापास्नं तू हसली न्हाईस. म्हटलं पयली आलीस की हसशील. आन् हसलीस की."

हसले होते, खरं आहे. ह्या माणसावर काय रागवायचं? मला रडूच आलं. पण रडता रडता भीती वाटली, ती काही केल्या जाईना. माझी चूक दाखवत होते तोवर मी त्या चौघांतली एक होते. फुलं यायला लागली तशी मी खाटेवरची आजारी बाई झाले. ह्या तिघांनीही मला मोडीत काढलं, तर मी पुन्हा बोलायचं कुणाशी? आणि कशासाठी?

मी ग्रुपावर माइकचं बटण दाबून धरलं. झटका आल्यापासून घराबाहेरच्या माणसानं माझा आवाज ऐकला नव्हता.

"मी... मी आजारी हाय," म्हटलं. "मेले न्हाय. ती वाडी... वाडी हाय. खोटं... खोटं कशाला..." पुढचं काही येईना. बोट सुटलं आणि ते तसंच तुटकं बोलणं निघून गेलं.

त्या दिवशी कुणाचंच उत्तर आलं नाही. मला वाटलं, संपलं आता. एवढी वर्षं जपलेली माणसं एका फटक्यात घालवली. जेवणावरही वासना नव्हती.

दुसऱ्या दिवशी गुरुजींचं "आला" मात्र पडलं. मी पान उघडलं. वरची ओळ संपते न संपते तोच चाचांचं "झालं". मग पोरीचं. मग गुरुजींचं. माझं व्हायला जेवणवेळ झाली. भीत भीत फोटो टाकला.

चाचांनी लिहिलं, "उभा चार बघा की वैनी. डोळं हायत का बटणं?"

गुरुजींनी लिहिलं, "दोन चुका. स्टँडवर असंच सांगत होता म्हणून लोकांच्या गाड्या चुकायच्या व्हय?"

"काकू, आज तुम्ही शेवटच्या," असं पोरीचं. "उद्या जरा लवकर आटपा."

मी एवढ्या मोठ्यानं हसले की काय झालं ते बघायला हे ओल्या हातानंच धावत आले. तेवढ्यात फोन वाजला. तिघंही एकदम जोडलेले. ह्यांनी सवयीनं हात पुढं केला. मी फोन दिला नाही.

"थांबा," मी फोनमध्ये म्हटलं. "तुम्ही... तिघं बी... एक लंबरचं..."

आणि अडकले. शब्द माहीत होता. अगदी दातांमागं येऊन बसला होता, पण बाहेर येईना. चाचांकडं मशीन चालू होतं, ते थांबलं. पोरीच्या दुकानात कुणीतरी गोळ्या मागितल्या, ती त्यांना हळूच म्हणाली, "थांबा जरा." गुरुजींचा नुसता श्वास ऐकू येत होता. येणारा शब्द कौतुकाचा नाही, हे तिघांनाही कळत होतं, आणि तो कुठला असणार हेही त्यांनी कधीच ओळखलेलं असणार. रोज शब्द ओळखणारीच माणसं ती. पण एकानंही तो मला सांगितला नाही. हेसुद्धा ओठ गच्च मिटून माझ्या तोंडाकडं बघत उभे राहिले.

"...नालायक!" मी म्हणाले. "नालायक हायसा!"

"व्हय की!" तिघंही तिकडनं ओरडले.