राखेत थांबलेली सहा यंत्रं

परळीच्या वीज केंद्रातली राख ट्रॅक्टरने आणून कॉलेजच्या पत्र्याच्या शेडमध्ये पसरली होती. चंद्रावरची माती साधारण अशीच बारीक आणि कोरडी असते, असं भाचीने सांगितलं. त्या राखेवर तिच्या गटाची सहा छोटी यंत्रं काम करणार होती. तीन खरवडणारी, तीन खरवडलेलं उचलून दाबून बसवणारी, अशा तीन जोड्या. यान उतरण्यासाठी सपाट जागा करायची, तीही माणसाने मध्ये न पडता. कुणी काय करायचं ते यंत्रांनी आपसात ठरवायचं.

मी जिल्ह्याच्या दैनिकात बातमीदार आहे, पण त्या दिवशी बातमीसाठी गेलो नव्हतो. भाची म्हणजे माझ्या बहिणीची मुलगी. शिरूर कासारजवळच्या गावातून तिचे आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जात. टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकट्याला अर्धा कोयता म्हणतात आणि त्याला घ्यायला मुकादम नाखूश असतो. ऑपरेशननंतर बहिणीला वाकता येत नव्हतं. त्या दिवशी यंत्रांची परीक्षा होती. तीत निवड झाली तर भाची एका संशोधन संस्थेत कामाला लागणार होती. नाही झाली तर दसऱ्यानंतर वडिलांबरोबर उसाच्या फडात जाणार होती. घरात यावरून भांडण झालं नव्हतं. तसं ठरलं होतं, एवढंच.

परीक्षक दोघे होते, एक पुरुष आणि एक बाई. शेडच्या दाराशी दाजी, म्हणजे भाचीचे वडील, धुतलेला शर्ट घालून माझ्याशेजारी उभे होते.

यंत्रं नीट चालली होती. मग परीक्षकांनी एक खरवडणारं यंत्र मुद्दाम बंद केलं. ते परीक्षेतच होतं. त्याचं जोडीदार यंत्र मागे वळलं, त्याच्याजवळ येऊन थांबलं. त्यांचा पट्टा अर्धा राहिला म्हणून शेजारची जोडी थांबली. मग तिसरी.

"ही का थांबली?" परीक्षकांनी विचारलं.

"जोडी मोडून पुढं जायचं नाही, असा नियम आहे, सर."

"कुणाचा?"

"मीच लिहिलाय."

परीक्षक बाई म्हणाल्या, "बंद पडलेलं सोडायचं आणि त्याचं काम बाकीच्यांनी वाटून घ्यायचं. आम्हाला एवढंच बघायचं होतं."

दाजी मोठ्याने मला म्हणाले, "बराबर तर हाय की! एकट्यानं फड उरकतोय व्हय? मॅडमनी कवा मोळी बांधलीया का?"

"दादा, गप बसा," भाची वडिलांकडे वळून न बघता म्हणाली.

"आता मी काय केलं? आमी आपलं खरं बोललो."

परीक्षकांनी कागद आवरले, चहा घेतला नाही. ते गेल्यावर भाची ओट्यावर बसली. केसांत राख होती. असा नियम का लिहिला, असं मी विचारलं.

"आत राख जाऊन एखादं यंत्र रोजच बंद पडायचं, मामा. मग आम्ही सगळीच थांबवायचो, दुरुस्त करायचो. त्याला सोडून जायचं असतं, हे डोक्यातच आलं नाही."

"लई राबलीस बग," दाजी म्हणाले.

नकार ईमेलने आला. त्यात कारण नव्हतं. दसऱ्यानंतर गावातून टोळीचा ट्रक निघाला, तेव्हा मी गेलो होतो. बहीण दारात उभी होती. भाची पाण्याची टाकी आणि अंथरुणं चढवत होती. मुकादमाने दाजींना विचारलं, "पुरा कोयता हाय ना औंदा?" दाजी हो म्हणाले.

हंगामात मध्येच एकदा फडातून तिचा फोन आला. कॉलेजने शेड रिकामी केली का, एवढंच तिला विचारायचं होतं. केली होती, मी तसं सांगितलं.

"तो नियम बदलला मी," ती म्हणाली. "मोबाईलवरच. दोन ओळींचं काम होतं."

"मग पाठव कुणाला तरी."

"कुणाला, मामा?"

पलीकडून दाजींनी हाक मारली. उसाची गाडी भरायला आली होती. तिने फोन ठेवला.