दुखानहून ओसाकाला, बाय हँड

कमलिनीबाई देवरेंना कुणी विचारलं, की सत्तावीस वर्षं कतारमध्ये राहून तुम्ही केलंत काय, तर त्या म्हणतात, "बॅगा भरल्या." आणि हे त्या हसत म्हणत नाहीत.

नवरा रंगनाथराव, दुखानच्या तेलाच्या कंपनीत इन्स्ट्रुमेंट सुपरवायझर. टाउनशिपमध्ये कंपनीचा बंगला, दारात गाडी, अंगणात खाऱ्या मातीशी भांडून जगवलेली कढीपत्त्याची दोन झाडं, आणि कपाटाच्या हँडलला कायमचा लटकलेला, बॅगा तोलायचा काटा. दर जुलैत नाशिकला जायच्या आधी आठवडाभर तो काटा बाईंच्या हातातून सुटत नाही. दोघांचे मिळून साठ किलो. त्यातले त्यांचे स्वतःचे फार तर पंधरा. बाकीचे अख्ख्या दुखानचे.

तिथली रीतच आहे ती. कुणीही कुठेही निघालं, की बेल वाजते आणि दारात एक पिशवी दिसते, पिशवीमागे माणूस. "छोटंसंच आहे, वहिनी." आजवर कुणी मोठंसं आहे म्हणून काही आणलेलं नाही. त्या छोट्याशात मिक्सरची भांडी असतात, कुणाच्या आईसाठी गुडघ्याचे पट्टे असतात, एकदा तर गाडीचा सायलेन्सर निघाला. येताना पापड, मेतकूट, गोडा मसाला, आणि ज्याचं त्याला नेऊन द्यायला दोह्याच्या चकरा. बाईंचा राग पिशव्यांवर नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. पिशवीचा काय दोष? राग आहे तो "एवढंच ना, ठेवा" या तीन शब्दांवर. हे शब्द रंगनाथरावांचे. या माणसाने जन्मात कुणाला नाही म्हटलेलं नाही. देवमाणूस आहे, असं सगळे म्हणतात. सगळे म्हणजे, ज्यांना त्याच्याबरोबर राहावं लागत नाही ते.

तर गेल्या वर्षी मार्चमध्ये बाईंनी जाहीर केलं, की यंदा नाशिकच्या आधी जपान. सात दिवस, फक्त दोघं, बरोबर आपली स्वतःची गाइड. ग्रुप नाही, गळ्यात बिल्ले नाहीत, कुणाच्या मुंजीला हजेरी नाही. दोह्याच्या एका ट्रॅव्हलवाल्याकडे चार वेळा जाऊन सगळं त्यांनीच ठरवलं. रंगनाथरावांना वाटलं, बायकोला फुलं बघायची आहेत.

फुलं गेली खड्ड्यात. सतरा वर्षांपूर्वी शेजारच्या बंगल्यात फुमिको नावाची जपानी बाई राहायला आली होती. तिचा नवरा टर्बाइनच्या कामावर, चार वर्षांच्या करारावर. इंग्रजी दोघींचंही बेताचं, पण दर मंगळवारी संध्याकाळी एक थालीपीठ थापायची आणि दुसरी ते चौकोनी फडक्यात गाठी मारून असं सुबक बांधायची, की सोडवायला जीव होऊ नये. देताना दोन्ही हातांनी द्यायचं, घेताना दोन्ही हातांनी घ्यायचं, हे बाई तिच्याकडून शिकल्या. दुखानमध्ये बाईंना मैत्रिणी पुष्कळ, पण काही न बोलता जिच्याशेजारी तासभर बसावं अशी ती एकच. करार संपला, फुमिको गेली. पहिल्या जानेवारीत तिचं कार्ड आलं. त्यावर एकच ओळ, आय ॲम व्हेरी सॉरी. बाईंना वाटलं, त्यांच्यात म्हणत असतील तसं. त्यानंतर काही नाही. बाईंनी चार पत्रं पाठवली, एकाचंही उत्तर नाही. अशी तेरा वर्षं गेली.

माणूस विसरतं, हे कळत होतं त्यांना. पण पोळ्या लाटता लाटता मध्येच मनात यायचं, आपण काही बोललो का तिला? निघताना काही कमीजास्त झालं का? शेवटी त्यांच्या लेकीने, आर्याने, नेटवरून फुमिकोची मुलगी शोधून काढली. आई कानाझावा नावाच्या गावात राहते, गुरुवारी दुपारी घरी असेल, या, एवढाच निरोप आला. बाईंना जपानमध्ये दुसरं काहीही बघायचं नव्हतं. त्यांना फुमिकोसमोर बसून विचारायचं होतं, माझं काय चुकलं.

हे त्यांनी नवऱ्याला नीट समजावून सांगितलं. अटही घातली. एकही पार्सल नाही. "खलास?"

"खलास," रंगनाथराव म्हणाले.

निघायच्या आदल्या दुपारी बाई केस कापून घरी आल्या, तर हॉलमध्ये पाच पार्सलं.

"अगं, चैत्राली दोह्याच्या अबू हमूरहून एवढी गाडी चालवत आली," रंगनाथराव म्हणाले. "तिचा भाऊ टोकियोत असतो. थोडी चकलीची भाजणी आहे. नाही म्हणायला तोंड कसं उघडायचं?"

"आणि बाकीची चार?"

"एक हाफिजभाईंचं. त्यांचा जावई आहे तिकडे." उरलेल्या तिघांची नावं त्यांनी बूट पुसत पुसत सांगितली, म्हणजे धड ऐकूच येऊ नयेत. बाईंनी कपाळाला हात लावला आणि काटा काढला. काढणार नाही तर काय करणार?

टोकियोच्या विमानतळावर कस्टमच्या माणसाने अगदी साधा प्रश्न विचारला. ही बॅग तुम्हीच भरलीत का? सगळं जग या प्रश्नाला हो म्हणतं. रंगनाथरावांना खोटं बोलता येत नाही, हा त्यांचा दुसरा गुण. "नो, नो," ते आनंदाने म्हणाले, "ऑल फ्रेंड्स." मग काय, हातमोजे आले, टेबल आलं, भाजणीच्या पुड्या एकेक करून मशीनमधून गेल्या. आत काय आहे ते सांगा म्हटल्यावर यांना पाचांतल्या तीन पार्सलांत काय आहे तेच ठाऊक नव्हतं. त्यात एक तास गेला. बाहेर त्यांची गाइड, ओगावाबाई, नावाची पाटी धरून तेवढा तास उभी होती.

ओगावाबाई पन्नाशीची, सडसडीत, पाठीला बाक म्हणून नाही. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये सात दिवसांचा कागद. नऊ वाजून दहा म्हणजे नऊ वाजून दहा. पहिल्या दिवशी तिने एक बाग दाखवली आणि दुपारचं देऊळ काढणार, तोच रंगनाथराव म्हणाले, जाता जाता एवढं एक देऊन टाकू या. जाता जाता म्हणजे दोन गाड्या बदलून पाऊण तास. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशी तर दोन. तिसऱ्या संध्याकाळी ओगावाबाईने फार अदबीने विचारलं, हा आपल्या धर्माचा भाग आहे का?

"ह्यांच्या आहे," कमलिनीबाई म्हणाल्या.

गुरुवारी सकाळी कानाझावाची गाडी होती. दुपारी बारापासून पाचपर्यंत वेळ फुमिकोचा, पाचला पुढे क्योतोला जायची गाडी. चैत्रालीच्या भावाला, अमेयला, सव्वाआठला स्टेशनवर यायला सांगितलेलं. साडेआठला फोन आला, "पाच मिनिटांत पोचतो, काका." पावणेनऊलाही पाचच मिनिटं उरली होती. आपला माणूस जपानमध्ये सहा वर्षं राहिला तरी त्याची पाच मिनिटं काही जपानी होत नाहीत.

"ठेवा ते बाकावर आणि चला," बाई म्हणाल्या.

"अगं, तो निघालाय. बस दोन मिनिटं."

गाडी आली, दारं उघडली, दारं मिटली, आणि त्यांच्या तीन रिकाम्या खुर्च्या घेऊन ठरल्या मिनिटाला निघून गेली. ओगावाबाईने कमरेतून वाकून माफी मागितली, चूक जणू तिचीच. ते बघून बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. अमेय नंतर धापा टाकत आला, पार्सल घेऊन "थँक्स काका" म्हणून ऑफिसला गेला. फुलांचा हंगाम, सगळ्या गाड्या भरलेल्या. जागा मिळाली ती चार तासांनंतरच्या गाडीत. फुमिकोचे पाच तास होते, त्यांतला एक उरला.

गाडीत रंगनाथरावांनी केळं पुढे केलं, बाईंनी बघितलं नाही. वाटेत बर्फाचे डोंगर होते, असं रंगनाथराव अजून सगळ्यांना सांगतात. बाईंना ते आठवत नाहीत. त्यांना एवढंच दिसत होतं, की तेरा वर्षं वाट बघून मिळालेली एक दुपार भाजणीपायी गेली.

फुमिकोने दार उघडलं. केस पांढरे झालेले, अंगाने अर्धी झालेली. ती हसली नाही. बाई पुढे झाल्या, तर ती मागे सरकली, आत नेऊन तिघांना बसवलं, आणि समोर गुडघे टेकून कपाळ पार चटईला लावलं. बाईंच्या मनात आलं, म्हणजे खरंच काहीतरी झालंय.

मग फुमिकोने आतून एक बोचकं आणलं. ते निळं फडकं बाईंनी ओळखलं, थालीपिठांचं होतं. तिने गाठी सोडल्या. आत खाकी कागदाचं पार्सल, वरची चिकटपट्टी पिवळी पडलेली. त्यावर काळ्या मार्करने ओसाकाचा एक पत्ता आणि खाली मोठ्या अक्षरांत बाय हँड. अक्षर रंगनाथरावांचं.

फुमिको खाली बघत बोलत राहिली, ओगावाबाई हळूहळू इंग्रजीत सांगत गेली. निघताना देवरे-सानांनी हे माझ्या हाती दिलं, ओसाकाला पोचवायला. मी दोनदा ओसाकाला गेले. तो माणूस घर सोडून गेला होता, कुठे ते कुणालाच माहीत नव्हतं. हातानेच द्यायचं असं लिहिलेलं, म्हणून पोस्टाने परत पाठवणं बरोबर वाटेना. एवढ्या विश्वासाने दिलेली वस्तू मी पोचवू शकले नाही. मग तुम्हाला कुठल्या तोंडाने लिहू? ओल लागू नये म्हणून दर वर्षी उन्हात ठेवते. उघडलेलं नाही.

बाईंनी मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. हे पार्सल दिल्याचं बाईंना आजवर ठाऊकही नव्हतं.

"कुणाचं होतं?" त्यांनी मराठीत विचारलं.

रंगनाथरावांनी पार्सल उलटसुलट करून बघितलं. "आठवत नाही गं."

दुखानमध्ये एखादं पार्सल पोचलं नाही, तर माणसं म्हणतात, असू द्या हो, तुम्हीच खाऊन टाका, आणि चौथ्या दिवशी विसरतात. हेही कधीच विसरून गेलेलं. ज्याने पाठवलं त्याला आठवण नाही, ज्याला पाठवलं त्याला पत्ता नाही, ज्याने मध्ये घेतलं त्याला नावही सांगता येत नाही. आणि ही बाई दर वर्षी ते उन्हात ठेवतेय. बाईंना एवढा संताप आला, की कान गरम झाले, आणि त्याच वेळी रडूही आलं. एवढ्याशा पुडक्यापायी तेरा वर्षं ही एकटी शरमेने बसली, आणि आपण तिला विसरभोळी म्हणत बसलो.

फुमिकोने आणखी काही विचारलं. ओगावाबाई म्हणाली, "ज्यांचं होतं त्यांची यांना माफी मागायची आहे. नाव सांगाल का?"

रंगनाथराव पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिले. ओगावाबाई एकदा यांच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत थांबली.

"सांगा तिला," कमलिनीबाई म्हणाल्या, "माझं होतं. पाठवणारी मीच. माझं मला परत मिळालं, म्हणजे पोचलं."

त्यांनी हात पुढे केले. फुमिकोने पार्सल उचलून दोन्ही हातांनी दिलं, बाईंनी दोन्ही हातांनी घेतलं. तेव्हा कुठे तिने मान वर केली. उरलेली पंचवीस मिनिटं दोघी शेजारी शेजारी बसून अंगणाकडे बघत होत्या. ओगावाबाईला भाषांतर करायला काही काम नव्हतं.

दुखानला परतल्यावर बाईंनी पार्सल उघडलं. आत हाताने विणलेला मरून स्वेटर, काटकुळ्या तरुणाच्या मापाचा, डांबरगोळ्यांचा वास मारणारा. रंगनाथरावांनी आठवडाभर फोन केले. हाफिजभाईंना विचारलं, रिटायर होऊन गेलेल्यांना विचारलं, नाशिक-पुण्यापर्यंत चौकशी केली. कुणीही माझा म्हणालं नाही. एका संध्याकाळी ते स्वतःहून म्हणाले, "चूक झाली माझी." बाई "हं" म्हणाल्या, आणि स्वेटर कपाटाच्या हँडलला, काट्याच्या शेजारी लटकवला.

जुलैत पुन्हा नाशिकची तिकिटं झाली आणि पुन्हा बेल वाजली. चैत्राली दारात, हातात पिशवी, "छोटंसंच आहे, काका." रंगनाथरावांनी "एवढंच" म्हटलं, "ना" अजून यायचं होतं. बाई मुकाट्याने आत गेल्या, स्वेटर डोक्यातून अंगात घातला आणि हॉलमध्ये येऊन बसल्या. बाहेर पंचेचाळीस डिग्री.

"काकू, बरं नाही का?" चैत्रालीने विचारलं.

"बरंय की."

रंगनाथरावांनी स्वेटरकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं, कपाळाचा घाम पुसला. त्यांना चार मिनिटं लागली. मग ते म्हणाले, "या वेळी नाही जमणार, बेटा."

जानेवारीत फुमिकोचं कार्ड आलं. त्यावर सॉरी नव्हतं. थालीपीठ तव्याला का चिकटतं, एवढंच विचारलेलं. बाईंनी त्याच दुपारी दोन पानं उत्तर लिहिलं आणि पाकीट बंद केलं.

"दे इकडे," रंगनाथराव किल्ल्या घेत म्हणाले, "मी दोह्याला चाललोच आहे, पोस्टात टाकतो."

बाईंनी पाकीट पर्समध्ये घातलं, चपला घातल्या आणि स्वतः गेल्या.